आर्द्रेची धूळ

सोलापूर जिल्ह्यातील केम हे गाव कुंकवाकरिता सर्वदूर प्रसिद्ध आहे. कठीण हळकुंड दळावे, चाळावे, तेव्हा कोठे बोटाला चिकटणारी मऊ भुकटी हाती येते. वाटेवरचे काळे दगडही झिजूनच माती होतात. मोठ्याचे लहान होणे, हीच धुळीची रीत आपल्या परिचयाची आहे. परंतु विद्यार्थ्यांनो, आकाशात अशीही धूळ आहे, की जी कोणी दळलेली नाही. ती एकेक अणू जुळून घडते, आणि तिचा कारखाना असतो मरणपंथाला लागलेला तारा.

असा एक कारखाना केमच्या शिवारातून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. जानेवारीत अंधार पडल्यावर पूर्वेकडे मृग नक्षत्र पाहावे. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे एका ओळीत दिसतात. त्यांच्या उत्तरेस जो तेजस्वी तांबूस तारा आहे, ती आर्द्रा. काक्षी हे तिचेच दुसरे नाव. शेतकऱ्याला आर्द्रा ठाऊक असते ती पावसाची. मात्र त्या दिवसांत सूर्य तिच्याजवळ असल्याने ती स्वतः दिसत नाही.

हा तारा सूर्याच्या जागी ठेवला, तर मंगळापर्यंतचे चारही ग्रह त्याच्या पोटात गडप होतील. वयाने तो सूर्याहून पुष्कळच लहान. परंतु देह अवाढव्य, त्यामुळे त्याने आपले इंधन भराभर जाळून टाकले. आता तो फुगला आहे. त्याचा पृष्ठभाग सूर्याहून थंड आहे खरा, तरी तेथे सुमारे ३,३०० अंश सेल्सियसची धग आहे. अशा ठिकाणी खड्याचा कणही टिकावयाचा नाही.

मग दगड बनतो कोठे? हा तारा संथपणे फुगतो आणि आकसतो. त्या हेलकाव्यांनी वरचा वायू बाहेर फेकला जातो व दूर जाता जाता निवतो. तापमान १,२०० अंशांच्या आसपास उतरले, की ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांचे चिमुकले खडे धरू लागतात. हत्यारांना धार लावण्याचा कुरुंद तो हाच. माणिकही याच जातीचे. आणखी निवल्यावर सिलिकॉन, मॅग्नेशियम आणि लोह ही ऑक्सिजनशी जुळून सिलिकेटांचे कण होतात. आपला काळा पाषाणही मुख्यतः सिलिकेटांचाच. असा कण केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही लहान असतो. तरी ताऱ्याचा प्रकाश त्याला ढकलतो, तो वायूला आपल्याबरोबर ओढतो, आणि तारा आपले अंग उधळीत राहतो.

ज्या ताऱ्यांत ऑक्सिजनपेक्षा कार्बन अधिक असतो, तेथे मात्र सिलिकेटांऐवजी काजळी धरते. अशा ताऱ्यांत कार्बनचे कण घडत असावेत, ही कल्पना १९६२ साली फ्रेड हॉइल व चंद्रा विक्रमसिंघे यांनी मांडली. जयंत नारळीकर यांचे केंब्रिजमधील गुरू ते हेच हॉइल.

२०१९ च्या अखेरीस आर्द्रा मंदावू लागली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिचे तेज नेहमीच्या निम्म्याहूनही खाली आले. तारा आता फुटणार, अशी बोलवा जगभर उठली. चिली देशातील मोठ्या दुर्बिणीने घेतलेल्या चित्रांत ताऱ्याचा दक्षिण भाग काळवंडलेला दिसला. पुढे २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी उलगडा केला. ताऱ्याने वायूचा एक लोट आधीच बाहेर टाकला होता. मग पृष्ठभागाचा एक भाग थंडावला, लोटात धूळ धरली, आणि ती नेमकी आपल्या दृष्टीच्या आड आली. एप्रिलपर्यंत तारा पूर्ववत झाला. आर्द्रेचा प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास काही शतके लागतात, तेव्हा हे सारे आपल्या पणजोबांच्याही कितीतरी आधी घडून गेले होते!

ही धूळ हाती घेता येते काय? येते. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे एक उल्का पडली. तिच्या दगडात सिलिकॉन कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण सापडले. कार्बनयुक्त वृद्ध ताऱ्यांच्या भोवती घडलेले. आपल्या सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत त्यांतील काही कण सुमारे ७०० कोटी वर्षांचे ठरले. माणसाच्या हाती आलेला याहून जुना घन पदार्थ अद्याप नाही.