धडा पोहोचला, उजळणी राहिली

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागले, तेव्हा प्रश्न दोन-तीन आठवड्यांचा आहे असे वाटले होते. एप्रिलमध्ये बारामतीत ‘भिलवाडा पॅटर्न’ राबवून शहर बंद झाले आणि जीवनावश्यक वस्तू घरपोच मिळू लागल्या. किराणा घरपोच देता येतो, तशी शाळाही देता येईल का, याचा प्रयोग जूनपासून राज्यभर सुरू झाला. तो लांबतच गेला. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग भरवायला परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात बसले, तेव्हा दुसरीचे अर्धे वर्ष सरले होते. जानेवारीत शाळा पुन्हा काही काळ बंद झाल्या, त्या वेगळ्याच.

प्रयत्न कमी पडले असे म्हणता येणार नाही. ‘दीक्षा’ ॲप होते, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड होते. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. गावोगावच्या शिक्षकांनी व्हॉट्सॲपवर गट केले. तरीही सप्टेंबर २०२० च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील शाळेत नाव असलेल्या सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला, पण पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून अभ्याससाहित्य मिळालेली मुले जेमतेम एक तृतीयांश होती. घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांत फरक असतो. फोन वडिलांच्या खिशात आणि वडील कामावर.

बारामती-इंदापूर पट्ट्यात हा फरक अधिक ठळक दिसतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या ‘छत्रपती’ अशा कारखान्यांच्या उसासाठी दिवाळीच्या सुमारास तोडणी मजुरांच्या टोळ्या येतात आणि पोराबाळांसह कोप्यांत राहतात. जिथे दिव्याचीच सोय नाही, तिथे फोन चार्ज कुठे करायचा आणि रिचार्जला पैसे कुठून आणायचे? गावातल्या शाळेचा पट आणि कोपीतले मूल यांची गाठ एरवीही कष्टाने पडते. फोनवर ती पडणे आणखी अवघड.

पण फोन मिळाला म्हणजे काम झाले, असेही नाही. शिकणे ऐकण्याने सुरू होते, पक्के होते ते आठवून सांगण्याने. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुनःपुन्हा वाचला, काहींनी वाचून न बघता लिहून काढला. आठवड्यानंतर दुसऱ्या गटाच्या लक्षात जास्त राहिले होते. लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे लगेच मिळणारी दुरुस्ती. ‘ध’ला ‘घ’ वाचणाऱ्या मुलाची चूक बाईंना त्याच क्षणी कळते. व्हिडिओला कळत नाही. पडदा धडा देतो, पाठ तपासत नाही. ‘असर’च्या आकड्यांत हा परिणाम उमटला. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले देशाच्या ग्रामीण भागात २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली.

डोळ्यांचा हिशेब निराळा. चीनच्या शानडोंग प्रांतातील फेइचेंग शहरात शाळकरी मुलांची दरवर्षी दृष्टितपासणी होते. सहा वर्षांच्या मुलांत लघुदृष्टीचे प्रमाण २०१५ ते २०१९ या काळात कधीही ५.७ टक्क्यांपुढे गेले नव्हते. घरात कोंडून राहिल्यानंतर २०२० मध्ये ते २१.५ टक्के निघाले. सतत जवळचे पाहणे हे एक कारण, पण उन्हात न खेळणे हेही तेवढेच महत्त्वाचे. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यातून डोपामिन स्रवते आणि नेत्रगोलाची लांबी वाढण्याला आळा बसतो, असे मानले जाते. म्हणूनच केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेने पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच तासिका सांगितल्या होत्या.

शाळा पुन्हा कधी बंद कराव्या लागतील, हे साथच ठरवते. १९३७ मध्ये शिकागोत पोलिओमुळे शाळा उघडल्या नाहीत, तेव्हा तीन आठवडे रेडिओवर धडे झाले आणि त्यांचे वेळापत्रक वर्तमानपत्रांनी छापले. आपल्याकडे सोलापूरच्या नीलमनगरमध्ये शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. मुले अंतर राखून, उघड्यावर, उजेडात वाचत होती. पुढच्या वेळी फोनवर सगळा भार न टाकता अशी साधने आधीच तयार ठेवायला हवीत.

घरी करण्यासारख्या गोष्टीही सोप्या आहेत. व्हिडिओ शक्यतो टीव्हीवर दाखवा. फोन असेल तर हातभर दूर धरायला लावा. दर वीस मिनिटांनी मुलाला अंगणात, दूरच्या झाडाकडे पाहू द्या. धडा संपला की पडदा बंद करून ‘काय कळलं, सांग बरं’ एवढे विचारा. आईवडिलांना वाचता येत नसले तरी हे विचारता येते. रोज दोन तास मोकळ्यावर खेळ हवाच. आणि त्या दोन वर्षांत पहिली-दुसरीत असलेले मूल आजही वाचताना अडखळत असेल, तर ते ‘ढ’ आहे असे समजू नका. त्याची उजळणी राहिली आहे. ती आजही घेता येईल.