चरकसंहिता कोणाची?

'चरकसंहिता' हा आयुर्वेदाचा ग्रंथ चरकांनी एकट्याने लिहिला, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ही संहिता (विषयवार रचलेला संग्रह) अनेक हातांनी घडली आहे. पुनर्वसु आत्रेयांनी शिकवले. त्यांचे शिष्य अग्निवेश यांनी ते ग्रंथरूपात आणले. चरकांनी त्याचे प्रतिसंस्करण (जुन्या ग्रंथाची सुधारून केलेली मांडणी) केले. पुढे दृढबलांनी चिकित्सास्थान या भागातले १७ अध्याय आणि कल्पस्थान व सिद्धिस्थान हे भाग पूर्ण केले. म्हणजे १२० पैकी ४१ अध्याय त्यांचे.

घरातल्या पाककृतींच्या वहीसारखेच हे आहे. आजीने सांगितलेले आईने उतरवले, सुनेने प्रमाण नीट केले, गळालेली पाने नातीने भरून काढली.

यामुळे चरकांचे श्रेय कमी होत नाही. उलट, ही परंपरा चर्चेतून वाढली हे लक्षात येते. ग्रंथातच रस (चवी) किती यावर वाद रंगतो. कोणी एक म्हणतो, कोणी आठ, कोणी असंख्य. शेवटी आत्रेय सहा रसांचा निर्णय देतात. अकराव्या शतकात चक्रपाणिदत्तांनी या संहितेवर टीका (स्पष्टीकरण) लिहिली. आजही आयुर्वेद महाविद्यालयांत ही संहिता अभ्यासाला आहे. तिचा मान राखायचा, तर या सर्वांची नावे एकत्र घ्यायला हवीत.