विश्लेषण : माळ्यावरची ठासणीची बंदूक ‘अँटिक’ की शस्त्र? कायदा काय सांगतो?

महाबळेश्वर आणि जावळी तालुक्यांतल्या शेतकऱ्यांना रानडुकरे आणि गव्यांचा उपद्रव नवा नाही. भात, नाचणी, स्ट्रॉबेरी, काहीच सुटत नाही. अशा वेळी आजोबांच्या काळातली ठासणीची बंदूक आठवते. ‘इतक्या जुन्या बंदुकीला कसला परवाना?’ असा अनेकांचा समज असतो. हा समज थेट तुरुंगापर्यंत नेऊ शकतो.

ठासणीची बंदूक म्हणजे काय?

नळीच्या तोंडातून आधी काळी दारू, मग गोळी किंवा छर्रे भरायचे आणि गजाने ठासायचे, म्हणून ही ‘ठासणीची’. काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असतो. एक बार उडाला की पुन्हा सगळे पहिल्यापासून.

ठिणगी कशी पडायची?

१६५९ मध्ये प्रतापगडाचे युद्ध झाले, त्या काळात तोड्याची बंदूक प्रचलित होती. चाप ओढला की जळता तोडा रंजकीवर टेकायचा आणि बार उडायचा. पावसात तोडा विझायचा, दारू सर्द व्हायची. वर्षाला ५ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या डोंगरांत ही मोठीच अडचण. पुढे तोड्याऐवजी गारगोटीची ठिणगी आली आणि १९व्या शतकात स्फोटक केप आली. घोडा केपवर आपटला की बार, त्यामुळे पावसाचा त्रास बराच कमी झाला.

अमेरिकेत काय घडले?

१८व्या शतकात पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनी लांब नळीची ‘लाँग रायफल’ घडवली. नळीत आतून वळणदार खाचा असल्याने गोळी स्वतःभोवती फिरत जायची आणि नेम दूरवर लागायचा. मात्र गोळी नळीत घट्ट बसवावी लागत असल्याने ती भरायला साध्या बंदुकीपेक्षा जास्त वेळ लागे.

तिथे आज ठासणीच्या बहुतेक बंदुका १९६८ च्या संघीय कायद्यानुसार ‘अँटिक’ ठरतात आणि नेहमीच्या बंदुकांचे अनेक नियम त्यांना लागू होत नाहीत. भारतात तसे नाही.

भारतात कायदा वेगळा का?

१८५७ च्या उठावाची ठिणगी ज्या काडतुसांनी पडली, ती एनफिल्ड रायफलही ठासणीचीच होती. उठावानंतर इंग्रजांनी शस्त्रांवर निर्बंध आणले. १८७८ च्या कायद्याने परवान्याची सक्ती देशभर पक्की केली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्यातही परवाना कायम राहिला. मात्र खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची वेगळी तरतूद कलम १३ मध्ये आहे.

मग ‘अँटिक’ला सूट नाही का?

आहे, पण ती वयावर नाही. जुन्या घडणीचे किंवा नादुरुस्त शस्त्र दुरुस्ती करूनही वापरता येणार नसेल, तरच कलम ४५ ची सूट मिळते. बार उडू शकत असेल तर ती बंदूकच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्यास २ ते ५ वर्षे कैद होऊ शकते.

परवाना असला की शिकार चालते?

नाही. बंदुकीचा परवाना आणि प्राणी मारण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यात गवा पहिल्या अनुसूचीत आहे; पिकाचे नुकसान केले म्हणून त्याला मारता येत नाही. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल, तर त्याला मारण्यासाठी वन विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते.

घरात बंदूक असेल तर काय करावे?

परवानाधारकाचे निधन झाले असेल किंवा परवान्याची मुदत संपली असेल, तर बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. वारसाला ती ठेवायची असल्यास स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. परवाना हाती येईपर्यंत बंदूक माळ्यावर नको.