मत्स्यालयांतील दगड

दगडाची पारख आपल्या घरांना नवी नाहीं. देवघरांतील पंचायतनांत नर्मदेचा बाण, गंडकीचा शाळिग्राम आणि शोणभद्राचा तांबडा गणपति शेजारीं शेजारीं बसतात. कोणत्या नदीचा पाषाण कोणत्या देवतेचा, हें नातवंडांनाहि ठाऊक असतें. परंतु शिरगांवच्या आमच्या घरीं चार फुटी मत्स्यालय आलें, तेव्हां ही पारख आम्ही विसरलों, आणि तिची किंमत एका मुक्या जिवास द्यावी लागली.

मासे सिक्लिड कुळांतले होते. हें कूळ आपणांस अगदींच परकें नव्हे. गोव्याकडील कालुंदर त्यांतलाच. आमचे पिवळे-निळे मासे मात्र मूळचे आफ्रिकेंतील मलावी सरोवराच्या खडकाळ किनाऱ्यावरचे. त्यांच्या जातभाईंपैकीं बहुतेक खडकावरचें शेवाळ खरवडून खातात व फटींतून हद्दी आंखून राहतात. मादी अंडीं आणि पिलें सुमारें तीन आठवडे तोंडांत सांभाळते, आणि तेवढे दिवस जवळजवळ उपाशी असते. आपल्या दृष्टीनें जी शोभा, तें त्यांचें घर असतें.

मुलांनीं पवनेच्या पात्रांतले दगड आणले, आणि दिवाळींतल्या किल्ल्याप्रमाणें आम्हीं वाळूवर लोहगड रचला. या माशांस वाळू उपसण्याची खोड असते, हें ध्यानांत आलें नाहीं. एके रात्रीं पाया पोखरला गेला, बुरूज ढासळला, आणि तोंडांत अंडीं धरलेली मादी त्याखालीं सांपडली. त्या दिवशीं मुलें धड जेवलीं नाहींत. चूक मुलांची नव्हती. आम्हां वडील माणसांची होती.

तेव्हांपासून आम्ही नियम पाळतों. मोठे व सपाट बुडाचे दगड आधीं तळाशीं पक्के बसवावे, वाळू मागाहून पसरावी. दगड हातानें हलवून पाहावा; डुगडुगला तर तो काढावा. धारदार कंगोरे, गंजाचे डाग वा धातूसारखी चमक असलेला दगड घेऊंच नये. घेतलेला दगड ब्रशानें घासून कांहीं दिवस पाण्यांत ठेवावा. उकळूं मात्र नये, कारण आंत ओल असल्यास तो फुटण्याची भीति असते.

मावळचा काळा पाषाण हा सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हाचा. तो पाण्यांत सहसा विरघळत नाहीं, म्हणून या कामास उत्तम. परंतु त्याच्या पोकळ्यांत पांढरे खडे असतात. कांहीं गारगोटीचे, कांहीं झिओलाइटचे, तर कांहीं कॅल्साइटचे, म्हणजे चुन्याच्या जातीचे. पांढरा भाग खरवडून त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकावे. बुडबुडे आले तर चुना समजावा. चुन्यानें पाणी जड होतें. मलावीच्या माशांस जड, क्षारधर्मी पाणी मानवतें. पण त्याच कुळांतला, अॅमेझॉन खोऱ्यांतला एंजल मासा मृदु पाण्यांतला. तेव्हां जो दगड एकास पथ्य, तोच दुसऱ्यास कुपथ्य.

वजनाचाहि विचार हवा. दीड फूट रुंद व तितक्याच उंच अशा चार फुटी टाकींत सुमारें अडीचशें किलो पाणी मावतें, आणि काळा दगड पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड. साध्या मेजावर हा भार ठेवणें धोक्याचें.

आतां दगड आम्ही नदींतून आणीत नाहीं; तेथें प्रत्येक दगडाखालीं कोणाचा तरी संसार असतो. शेताच्या बांधावर वेंचून टाकलेले दगड पुष्कळ मिळतात. त्यांतलेच निवडून नवा किल्ला रचला आहे. तो बुटका आहे, लोहगडासारखा दिसत नाहीं. पण परवां त्याच्या एका फटींतून तीन चिमुकलीं पिलें डोकावलीं, आणि मुलांनीं सारें घर बोलावून आणलें.