भित्र्या कुत्र्याची निगा

महादेवपुरा हे बंगळूरच्या पूर्वेकडील उपनगर. २००७ साली ते बंगळूर महानगरपालिकेत समाविष्ट झाले. संगणक उद्योगाच्या वाढीबरोबर येथे मोठमोठ्या निवासी इमारती उभ्या राहिल्या. सदनिकेत जागा बेताची असते. म्हणून अशा घरांना शीत्झू, ल्हासा अप्सो, पॉमेरेनियन यांसारखी लहान चणीची, लांब केसांची कुत्री सोयीची वाटतात.

या कुत्र्यांचे केस नियमितपणे विंचरावे लागतात. तसे न केल्यास केसांच्या गाठी होतात, त्वचा ताणली जाते आणि आतील ओलाव्यामुळे तेथे जखमा होतात. नखे वाढली की चालताना वेदना होतात. केसांत दडलेल्या गोचिडांमुळे गंभीर तापही येऊ शकतो. म्हणजेच ही निगा केवळ शोभेसाठी नसून आरोग्यासाठी आवश्यक असते. परंतु काही कुत्री पंजाला हात लावताच थरथरू लागतात, गुरगुरतात, प्रसंगी चावतात. अशा वेळी त्यांना हट्टी समजून घट्ट दाबून धरले जाते. येथेच चूक होते.

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांना १९०४ साली पचनक्रियेवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न समोर येण्यापूर्वी, ते आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटते, असे त्यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले. एका गोष्टीमागून दुसरी येते, हे कुत्रा पक्के लक्षात ठेवतो. एकदा नख खोल कापले जाऊन रक्त आले, तर पुढे नखे कापण्याचे साधन दिसले तरी तो घाबरतो. बळजबरीने ही आठवण पुसली जात नाही. उलट ती अधिक दृढ होते.

मात्र जडलेली भीती कमीही करता येते. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलावर प्रयोग केला. मूल आवडीचा खाऊ खात असताना ससा थोडाथोडा जवळ आणला गेला आणि हळूहळू त्याची भीती ओसरली. कुत्र्याच्या बाबतीतही हाच मार्ग उपयोगी पडतो. प्रथम साधन केवळ दाखवावे आणि लगेच उकडलेल्या कोंबडीचा लहानसा तुकडा द्यावा. काही दिवसांनी ते पंजाला नुसते टेकवावे व पुन्हा खाऊ द्यावा. कुत्रा शांत राहू लागला की एकच नख, तेही टोकापुरते कापावे. अंघोळीपूर्वी गाठी सोडवाव्यात, कारण भिजल्यावर त्या अधिक आवळतात. माणसांचा शाम्पू वापरू नये.

या काळात कुत्र्याच्या हालचालींकडे लक्ष ठेवावे. ओठ चाटणे, झोप नसताना जांभई देणे, तोंड फिरवणे, शेपूट पायांत घालणे, अंग ताठ करणे ही भीतीची लक्षणे होत. ती दिसताच थांबावे. गुरगुरण्याबद्दल शिक्षा मुळीच करू नये. गुरगुरणे हा इशारा असतो. तो दडपला गेला, तर कुत्रा पुढे इशारा न देताच चावतो. चावा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी विलंब न करता रुग्णालयात जावे.

शांत असणारा कुत्रा एकाएकी हात लावू देईनासा झाला, तर कान, दात किंवा सांधे दुखत असण्याचा संभव असतो. अशा वेळी आधी पशुवैद्याला दाखवावे. गाठी फार घट्ट झाल्या असतील, तर त्याही घरी ओढू नयेत.

प्राण्याला मारहाण करून विनाकारण वेदना देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. शहरांमध्ये कुत्र्यांची निगा राखण्याचे काम आज अनेकांच्या उपजीविकेचे साधन झाले आहे. घाईने दहा नखे कापणाऱ्यापेक्षा, एक नख कापून कुत्र्याला निर्भय ठेवणारा कारागीर पुढच्या वेळी आपले काम अधिक सुरक्षितपणे आणि कमी वेळात करू शकतो.