नदीकाठची खडीची वाट

मुलीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी परदेशी जाणं आता आपल्या घरांतून नवलाईचं राहिलेलं नाही. डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळाची दुपटी असं सगळं बॅगेत कोंबून आपण विमानात बसतो. पहिले दीड-दोन महिने कसे जातात ते कळतही नाही. मग बाळ जरा मोठं होतं, मुलीची तब्येत सावरते, आणि आपला दिवस मात्र लांबत जातो. जावई कामावर, मुलगी बाळात, शेजारणीशी बोलावं तर भाषेची अडचण. खिडकीशी बसून समोरच्या झाडाची पानं किती वेळ मोजणार?

जर्मनीतल्या म्युनिक शहरात नोकरीनिमित्त पुष्कळ मराठी मुलं-मुली राहतात. त्यांच्याकडे जाणाऱ्या मैत्रिणींना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. त्या शहराच्या मधोमध एक नदी वाहते. तिच्या काठाने एक वाट निघते आणि टेकड्यांमधून वळणं घेत आल्प्सच्या पायथ्याशी जाऊन पोचते. ही वाट सायकलींची आहे, आणि तिचा बराचसा भाग डांबरी नाही, खडीचा आहे.

"सायकल? आणि या वयात?" तुमच्या मनात आलंच असेल. माझ्याही आलं होतं. मुलगी म्हणाली, "आई, एकदा बसून तर बघ." मी म्हटलं, "अगं, तीस वर्षं झाली सायकलला हात लावून!" पण आपल्यातल्या कितीजणी शाळा-कॉलेजला सायकलवरूनच जात होतो, आठवा बरं. पुणं तर एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाई. लग्न झालं, सायकल धाकट्या भावाकडे गेली, आणि आपणही ती विसरलो. अंगात मुरलेला तोल मात्र जात नाही. मोकळ्या मैदानात दोन-चार फेऱ्या मारल्या की तो परत येतो.

इजार नव्हे, ईझार!

नदीचं नाव ईझार. आपल्या कानाला ते 'इजार'सारखं लागतं आणि पहिल्यांदा हसू येतं. ऑस्ट्रियातल्या कारवेंडेल डोंगरांत ती उगम पावते आणि सुमारे ३०० किलोमीटर वाहून डॅन्यूब नदीला मिळते. ते डोंगर चुनखडीचे. पावसाने, बर्फाने त्यांचे तुकडे निघतात, पाण्याबरोबर गडगडत येतात, घासून गुळगुळीत होतात. त्यामुळे नदीचं पात्र पांढऱ्या गोट्यांनी भरलेलं आणि पाणी हिरवट निळं दिसतं. वाटेवरची बारीक खडीही पांढरट. आपल्याकडच्या मुरमाच्या रस्त्यावर पाऊस पडून गेला की जसा घट्टपणा येतो, तशी ही वाट दबलेली असते. चाकाखाली तिचा करकर आवाज येत राहतो.

म्युनिकमध्ये ही नदी पूर्वी दगडी बांधांत सरळ कोंडून टाकलेली होती. २००० ते २०११ या काळात शहराने आठ किलोमीटर लांबीचे बांध सैल केले, काठ उतरते केले आणि गोट्यांना पुन्हा पसरायला जागा दिली. आज उन्हाळ्यात आजी-आजोबांसकट घरंच्या घरं तिथे पाण्यात पाय सोडून बसलेली दिसतात.

वर डोंगराकडे मात्र कहाणी वेगळी आहे. वीजनिर्मितीसाठी १९२४ पासून ईझारचं पाणी वाल्खेन्झे नावाच्या तलावाकडे वळवण्यात आलं, आणि खालचं पात्र कितीतरी वर्षं कोरडं पडलं. १९९० पासून त्यात थोडं पाणी परत सोडतात. लेंगग्रीस गावाच्या वर १९५४ ते १९५९ मध्ये पूर अडवण्यासाठी सिल्वेनश्टाइन धरण बांधलं. त्यात फाल नावाचं जुनं गाव बुडालं आणि जवळच नवं फाल वसवलं. मुळशी, कोयनेच्या बायकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. धरणामुळे गोटेही वरच अडतात, म्हणून ते काढून धरणाखाली नदीत टाकावे लागतात. नदीला नुसतं पाणी पुरत नाही, तिला तिचे दगडही लागतात!

झेपेल तेवढंच

या वाटेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ठरावीक अंतरावर रेल्वे स्टेशन आहे. दमलं तर गाडीत बसून घरी यावं. आणखी एक युक्ती सांगते. म्युनिकहून निघून डोंगराकडे सायकल मारत जाण्यापेक्षा आधी गाडीने वर जावं आणि नदीच्या संगतीने खाली यावं. चढ पुष्कळ वाचतो. सुरुवात अशी करून पाहा:

पहिली खेप – लेंगग्रीस ते बाड टोल्झ, सुमारे १० किलोमीटर. म्युनिकहून लेंगग्रीसला गाडीने तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. इथली वाट जवळजवळ सपाट आहे. बाड टोल्झच्या बाजारपेठेतल्या घरांच्या भिंती चित्रांनी रंगवलेल्या आहेत, त्या थांबून बघाव्यात.

दुसरी खेप – बाड टोल्झ ते वोल्फ्राट्सहाउझेन, सुमारे २५ किलोमीटर. इथे टेकड्यांचे थोडे चढउतार आहेत. चढ आला की उतरून सायकल हातात धरून चालावं, त्यात कमीपणा कसला? शेवटी लोइझाख नदी ईझारला मिळते. त्या परिसरात नदीला मोकळं सोडलेलं आहे. गोट्यांच्या बेटांवर पक्षी अंडी घालतात, म्हणून विणीच्या दिवसांत तिथे जायला बंदी असते. पाटी दिसली की तिकडे पाऊल टाकू नये.

तिसरी खेप – वोल्फ्राट्सहाउझेन ते म्युनिक, सुमारे ३० किलोमीटर. वाटेत शेफ्टलार्नचा मठ लागतो. तो ७६२ साली स्थापन झाला. याच पाण्यावरून पूर्वी डोंगरातलं लाकूड तराफे बांधून म्युनिकला जाई. अशा तराफेवाल्यांच्या परंपरेला २०२२ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं. हल्ली उन्हाळ्यात तराफ्यांवर हौशी मंडळी बसतात, बँड वाजतो, आणि ते काठावरच्यांना हात हलवतात. आपणही हलवावा!

गाडीत सायकल न्यायला वेगळं तिकीट लागतं आणि लोकल गाड्यांत कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी ती नेऊ देत नाहीत. आदल्या दिवशी मुलीला चौकशी करायला सांगा.

सायकल कोणती घ्यावी?

खडीवर चालवायच्या खास सायकली हल्ली निघाल्या आहेत. शर्यतीच्या सायकलसारखं वाकडं हँडल, पण टायर जाड आणि ब्रेक दणकट. तरुण मुलं त्यांवरून शंभर-शंभर किलोमीटर मारतात. आपल्याला वाकून बसायची हौस नसेल तर सरळ हँडलची, जाड टायरची साधी गिअरची सायकल भाड्याने मिळते, ती पुरते. गुडघे कुरकुरत असतील तर बॅटरीची घ्या. त्यात पायडल आपणच मारायचं, मोटर फक्त मदत करते आणि ताशी २५ किलोमीटरनंतर मदत थांबवते. सीट इतकीच उंच ठेवा की थांबल्यावर पाय जमिनीला टेकेल.

काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात:

टायरमध्ये हवा अगदी टणक भरू नये. किंचित मऊ टायर खडी धरून ठेवतं आणि हादरे कमी बसतात.

वळणाच्या आधीच वेग कमी करावा, वळणात नाही. सुट्या खडीवर पुढचा ब्रेक एकदम दाबला की चाक घसरतं. दोन्ही ब्रेक हलके हलके दाबावेत.

हँडल घट्ट आवळू नये. चाक थोडं हललं तर हलू द्यावं, ते आपोआप सरळ होतं.

ओढणी घरी ठेवावी. चेनकडचा पायजम्याचा पायचा रबरबँडने बांधावा. हेल्मेटची सक्ती नाही, पण ते घालावंच.

गवतात बसल्यास घरी आल्यावर अंग नीट तपासावं. त्या भागात गोचिडांमुळे मेंदूचा ताप येऊ शकतो. त्यावर लस आहे, जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. प्रवासाच्या विम्यात सायकलवरचा अपघात धरला आहे का, तेही बघून घ्या. अडचणीत ११२ हा नंबर फिरवावा.

मे ते सप्टेंबर हे दिवस चांगले. जोराचा पाऊस झाला असेल तर दोन दिवस थांबावं. नदी वाढते आणि काठची वाट चिखलाची होते.

डब्याचं काय?

शाकाहारी मंडळींनी मुळीच काळजी करू नये. बव्हेरियात झाडांखाली बाकं टाकलेल्या बिअरच्या बागा असतात. नावाने बिचकू नका, तिथे घरंच्या घरं मुलाबाळांसह येतात. जुन्या रिवाजाप्रमाणे अशा बागेत आपला डबा उघडून खाता येतो, फक्त पेय तिथलं घ्यायचं. बिअर घ्यायलाच हवी असं नाही, सफरचंदाच्या रसात सोडा घालून देतात तो फार छान लागतो. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं बरोबर न्या. पुऱ्या दुधात भिजवल्या तर दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, पण उन्हाचे दिवस असतील तर पाण्यातच भिजवाव्यात.

एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. आपण मुलीच्या घरी मदतीला गेलेल्या असतो, आणि 'मी आज दिवसभर बाहेर जाते' हे म्हणायला जीभ उचलत नाही. पण दिवसभर घरात कोंडून घेतलेल्या आईचा मुलीलाही मनातून भार होतो. ती बोलत नाही एवढंच. आठवड्यातला एक दिवस आपण बाहेर पडलो, तर तिलाही आपल्या नवऱ्याबरोबर, बाळाबरोबर घर मिळतं. संध्याकाळी दोघींकडे सांगायला काहीतरी असतं, आणि बाळाच्या शी-शूखेरीजचं बोलणं होतं.

पर्यटकाच्या व्हिसावर फार तर नव्वद दिवस मिळतात. त्यातले चार-पाच दिवस आपल्या नावावर काढून ठेवायला काय हरकत आहे? पहिल्या दिवशी दहा किलोमीटर पुरे.