पंधरा टक्केही कमी पडले

व्याजदर वाढला की चलन वधारते, हा सरळ हिशेब. जिथे जास्त परतावा, तिथे परदेशी पैसा वळतो. तो गुंतवायला आधी तिथले चलन विकत घ्यावे लागते, मागणी वाढते आणि भाव चढतो. 16 सप्टेंबर 1992 रोजी लंडनमध्ये हा हिशेब एका दिवसात कोलमडला.

ब्रिटन ऑक्टोबर 1990 मध्ये युरोपीय विनिमयदर यंत्रणेत सामील झाला होता. पौंड 2.778 जर्मन मार्कांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, ही त्यातली अट. नेमके त्याच महिन्यात जर्मनीचे एकीकरण झाले. पूर्वेकडच्या पुनर्बांधणीवर अफाट खर्च होऊ लागला, महागाई वाढली आणि तिला आवर घालायला बुंडेसबँक व्याजदर चढवत गेली. पैसा मार्काकडे धावला. इकडे ब्रिटनमध्ये मंदी. दर उतरवायची निकड होती, पण पौंड टिकवायचा तर ते शक्य नव्हते.

त्या बुधवारी सकाळी 11 वाजता दर 10 वरून 12 टक्क्यांवर नेला. बँक ऑफ इंग्लंड परकीय चलनाची गंगाजळी ओतून पौंड विकत घेत होती, तरी विक्रीचा लोंढा थांबेना. दुपारी सव्वादोनला दर दुसऱ्या दिवसापासून 15 टक्के करण्याची घोषणा झाली. पौंड जागचा हलला नाही. ब्रिटनमधली बहुतेक गृहकर्जे बदलत्या व्याजदराची होती. ऐन मंदीत घरोघरचे हप्ते एवढे वाढवून सरकार फार काळ तग धरणार नाही, हे जॉर्ज सोरोससारखे सटोडिये ओळखून होते. प्रत्येक दरवाढीत त्यांना सरकारची घाबरगुंडीच दिसली. संध्याकाळी अर्थमंत्री नॉर्मन लॅमाँट यांनी माघार जाहीर केली. 15 टक्क्यांचा दर लागू झालाच नाही.

त्याच दिवशी स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने आपला अल्पमुदतीचा दर 500 टक्क्यांवर नेला. क्रोना नोव्हेंबरपर्यंत कसाबसा तगला, मग तोही सोडून द्यावा लागला.

आपल्याला 2013 आठवत असेल. अमेरिकी फेडरल रिझर्व्ह रोखेखरेदी आटोपती घेणार, या चाहुलीनेच रुपया घसरू लागला. 15 जुलैला रिझर्व्ह बँकेने बँकांसाठीचा तातडीच्या उसनवारीचा दर 10.25 टक्के केला, तरी ऑगस्टअखेर डॉलर 68 रुपयांच्या पुढे गेला. दरवाढीने जे साधले नाही, ते मुख्यतः सप्टेंबरच्या योजनेने साधले, असे माझे मत आहे. अनिवासी भारतीयांच्या डॉलर ठेवींवरची विनिमयाची जोखीम रिझर्व्ह बँकेने सवलतीच्या दरात स्वतःकडे घेतली. या ठेवी आणि बँकांची परदेशी कर्जे मिळून सुमारे 34 अब्ज डॉलर देशात आले.